गिरडची दगडी जायफळे

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. वर्धा शहराच्या आग्नेयेस सुमारे ६० किलोमीटरवर हे गाव येते. गावालगतच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून तेथे हिंदू आणि मुसलमान असे दोन्ही धर्मांचे लोक भक्तिभावाने जातात. या टेकडीवर फिरताना एक गमतीची गोष्ट लक्षात येते. मातीत आणि मुरमात लहान लहान गोलसर, लांबट गोल दगड विखुरलेले असतात. काही जायफळाएवढे, तर काही त्याहून मोठे. कोणी मुद्दाम घडवून टाकावेत असे ते दिसतात.

हे दगड कोठून आले याबद्दल एक आख्यायिका पूर्वापार सांगितली जाते. दोन फिरस्ते व्यापारी नारळ आणि जायफळे घेऊन या वाटेने चालले होते. त्यांनी साधूची थट्टा केली. तेव्हा शिक्षा म्हणून त्यांच्या साऱ्या मालाचे दगड झाले. व्यापाऱ्यांनी क्षमा मागितली, तेव्हा साधूने वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. व्यापारी पुढे त्यांचेच सेवक झाले. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये ही कथा दिलेली आहे, आणि हे दगड म्हणजे झिओलाइट या खनिजाचे गोळे होत, असेही तेथेच नमूद केले आहे.

कथा आपल्या जागी राहू द्या. गर्व करू नये, चूक कळली की क्षमा मागावी, हा तिचा बोध आहे आणि त्याला दगडाच्या पुराव्याची गरज नाही. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्यापुढे दुसराच प्रश्न उभा राहतो. हे दगड झिओलाइटचे आहेत असे पुस्तकात छापले आहे, म्हणून आपण ते मानायचे काय? तसे केले तर एकाने सांगितलेली गोष्ट सोडून दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट धरली, एवढेच होईल. दगड हातात घेऊन तो काय आहे हे आपले आपल्याला ठरवता आले पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळेतील महागडी उपकरणे लागत नाहीत. एक खिळा, एक भिंग, थोडा लिंबाचा रस आणि सरळ विचार करण्याची सवय एवढे पुरते.

फळाचा दगड होतो काय?

"फळाचा कधी दगड होत असतो का!" असे म्हणून काही जण हा प्रश्न झटकून टाकतील. पण ही घाई झाली. फळाचा दगड होतो! त्याची उदाहरणे वर्ध्यापासून फार दूरही नाहीत. नागपूरच्या उत्तरेस, मध्य प्रदेशाच्या छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान नावाचे गाव आहे. तेथील गारगोटीसारख्या कठीण दगडात फळे, बिया, खोडे यांचे जीवाश्म सापडतात. सुप्रसिद्ध पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी (१८९१–१९४९) यांनी तेथील अशाच एका दगड झालेल्या फळाचे वर्णन केले आणि त्याला 'एनिग्मोकार्पॉन' म्हणजे 'कोड्यात टाकणारे फळ' असे नाव दिले.

फळाचा दगड होण्याची क्रिया अशी असते. फळ तळ्याच्या गाळात पुरले जाते. सिलिका विरघळलेले पाणी त्यात हळूहळू झिरपते. फळाच्या पेशींच्या पोकळ्यांत सिलिकेचे कण साठत जातात आणि मूळ द्रव्याची जागा दगड घेतो. मात्र या अदलाबदलीत फळाची रचना टिकून राहते. दगडाची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर टरफल, गर, बी, एवढेच नव्हे तर पेशींच्या भिंतीदेखील ओळखता येतात.

म्हणजे गिरडच्या दगडांसाठी पहिली कसोटी मिळाली. घरातले एक जायफळ आडवे कापून पाहा. पांढुरक्या गरात तपकिरी रेषांची नागमोडी जाळी दिसते. नारळाला करवंटी असते, तिच्यावर तीन डोळे असतात. आता टेकडीच्या परिसरातील असा गोल दगड फोडून पाहिला, तर यांपैकी काहीच आढळत नाही. जाळी नाही, टरफल नाही, बी नाही. त्याऐवजी दिसतात ते एका बिंदूपासून पंख्यासारखे पसरलेले तंतू किंवा चकाकणारे पापुद्रे, काही वेळा मध्यभागी लहानशी पोकळी आणि तिच्या आत टोके काढलेले स्फटिक. बाहेरचा आकार फळाचा, परंतु आतली रचना फळाची नव्हे. म्हणून हा जीवाश्म नाही, असे आपण म्हणू शकतो.

मग नदीतले गोटे असतील काय?

दुसरी शंका अशी येते की, धाम, वेणा किंवा वर्धा या नद्यांच्या पात्रांत गोल गोटे असतातच. पाण्याने घासून घासून हे दगडही गोल झाले असतील. ही शंका रास्त आहे. तिची कसोटी कशी घ्यावयाची?

दगड कोठे पडला आहे यापेक्षा तो मुळात कोठे बसलेला होता, हे शोधावे. एखाद्या खाणीत, रस्त्यासाठी खोदलेल्या दरडीत किंवा नव्या विहिरीच्या कडेला जाऊन खडकाचा ताजा छेद नीट पाहा. काळ्या, तपकिरी किंवा जांभळट खडकात तसेच पांढरे, हिरवट गोळे पक्के रुतून बसलेले दिसतात. चिक्कीत शेंगदाणे बसावेत तसे! नदीने घासलेला गोटा अखंड काळ्या खडकाच्या पोटात शिरू शकत नाही. शिवाय नदीच्या गोट्यांत नाना जातींचे दगड मिसळलेले असतात. येथे मात्र एका थरातले गोळे बहुधा एकाच घराण्यातील खनिजांचे असतात. तेव्हा हे गोळे बाहेरून आलेले नाहीत. ते खडकाच्या आतच तयार झाले आहेत.

आता तिसरा आणि खरा प्रश्न उरतो. अखंड खडकाच्या पोटात गोल वस्तू तयार झाली कशी?

पिठल्यातले बुडबुडे

उत्तरासाठी आपल्याला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे मागे जावे लागते. त्या काळी पश्चिम व मध्य भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. जमिनीवर आलेल्या शिलारसाला लाव्हा म्हणतात. त्याचे तापमान १,१०० अंश सेल्सिअसच्या वर होते. एक लोट पसरला, थिजला, त्यावर दुसरा आला, मग तिसरा. असे थरावर थर साचले. आज झीज होऊन जे उरले आहे, तेवढ्यानेच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. यालाच दख्खनचा ट्रॅप म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला. या थरांची झीज होताना डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार येतो, म्हणून हे नाव. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरांच्या आसपास भरते. पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते आणि नागपूरच्या परिसरात हा प्रचंड पसारा संपतो. वर्धा जिल्हा हा या काळ्या सागराचा जणू पूर्वकिनारा होय.

थिजलेल्या लाव्ह्याचा जो काळा, जड, बारीक कणांचा खडक बनतो त्याला बेसाल्ट म्हणतात. आपल्या घरातला पाटा-वरवंटा, रस्त्यावरची खडी, विहिरीचे चिरे ही बहुधा बेसाल्टचीच असतात. शिलारसातून बनला म्हणून बेसाल्ट हा अग्निज खडक. गाळ साचून वाळूचा दगड बनतो, तो स्तरित खडक. उष्णता व दाब यांनी मूळ रूप पालटून चुनखडकाचा संगमरवर बनतो, तो रूपांतरित खडक. खडकांच्या या तीन मुख्य जाती आहेत.

शिलारसात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. खोल जमिनीत दाब असतो तोवर ते विरघळलेलेच राहतात. शिलारस वर आला की दाब कमी होतो आणि वायूचे बुडबुडे सुटतात. सोडावॉटरच्या बाटलीचे झाकण उघडताच असेच घडते. हे बुडबुडे वर चढू लागतात, पण लाव्हा निवून घट्ट होत असतो. चुलीवरच्या घट्ट पिठल्यातले बुडबुडे आठवा. पातळ असेपर्यंत ते वर येऊन फुटतात आणि पिठले घट्ट झाले की तेथेच अडकून पडतात. लाव्ह्याच्या लोटाच्या वरच्या भागात अशा अडकलेल्या बुडबुड्यांची गर्दी होते. मधला भाग सावकाश निवतो, म्हणून तो भरीव राहतो. लोट पुढे सरकत असेल तर बुडबुडे ताणले जाऊन लांबट होतात. कोणी गोल, कोणी लांबट, कोणी चपटे! फळांचे आकार आले ते असे.

पोकळी भरते कशी?

लाव्हा निवला आणि खडकात हजारो रिकाम्या पोकळ्या राहिल्या. मग खडकाच्या भेगांतून पाणी झिरपू लागले. खडक अजून कोमट होता, त्यामुळे पाणीही तापले. गरम पाण्याने खडकातली सोडियम, कॅल्शियम, अॅल्युमिनियम, सिलिका ही द्रव्ये थोडी थोडी विरघळवून घेतली आणि पोकळीत शिरल्यावर तेथे सोडून दिली. पाणी तापवण्याच्या भांड्याच्या आतून पांढरे कीट चढते ना, तसेच काहीसे हे घडते.

पोकळीच्या भिंतीवर बहुधा प्रथम हिरव्या, मातीसारख्या खनिजाचा पातळ लेप बसतो. त्यावर सिलिका किंवा झिओलाइट, आणि बरेचदा शेवटी कॅल्साइट. काही पोकळ्या पूर्ण भरतात. काहींच्या मध्यभागी जागा उरते, तेथे स्फटिकांना वाढायला मोकळीक मिळते आणि त्यांची टोके व पैलू सुरेख बनतात. नाशिक, जळगाव, पुणे या जिल्ह्यांतील खाणींत असे स्फटिक इतके देखणे मिळाले आहेत की जगभरच्या संग्रहालयांत महाराष्ट्राचे झिओलाइट मांडून ठेवलेले आढळतात.

बुडबुड्याच्या जागी भरलेल्या या गोळ्याला भूवैज्ञानिक 'अमिग्डेल' म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ बदाम! गिरडच्या लोकांना जायफळ दिसले, युरोपातल्या पंडितांना बदाम दिसला. माणसाची कल्पना सगळीकडे सारखीच धावते.

पुढे कोट्यवधी वर्षे ऊन, पाऊस आणि हवा यांचा मारा झाला. बेसाल्ट कुजून त्याचा मुरूम झाला, मुरमाची काळी माती झाली. आतले गोळे मात्र मुरमाइतके लवकर कुजत नाहीत. शिवाय भोवतालच्या हिरव्या मऊ लेपामुळे ते खडकापासून सहज सुटतात. पावसाने मुरूम वाहून नेला की गोळे उघडे पडतात. टेकडीवर ते मोकळे विखुरलेले का असतात, याचा उलगडा येथे होतो.

या मातीतले शोधक

या प्रदेशातल्या खडकांचा अभ्यास जवळजवळ दोनशे वर्षांपासून होत आला आहे. जॉन माल्कमसन या मद्रासच्या लष्करी डॉक्टराने १८३७ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. बेसाल्टच्या प्रदेशाच्या पूर्व भागात सापडणारे गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे जीवाश्म हा त्याचा विषय होता. पुढे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसरात पायी हिंडून दगड, शिंपले, दगड झालेली पाने व फळे गोळा केली. दोन लाव्हालोटांच्या मध्ये तळ्यांचा गाळ सापडतो, आणि त्या गाळात हे जीव असतात, हे त्यांनी दाखवून दिले. याचा अर्थ असा की, एक लोट थिजल्यावर दुसरा येईपर्यंत इतका काळ जाई की तेथे तळी साचत, झाडे वाढत, गोगलगायी नांदत. मोहगाव कलानची फळे अशाच तळ्याच्या गाळातली. तळ्यात फळ, बुडबुड्यात झिओलाइट! दोन्ही दगडच, पण त्यांचा जन्म निराळा.

हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटजवळची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परत येत असता पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. नागपूरकडे सापडलेल्या, हिरव्या खनिजाने रंगलेल्या कॅल्साइटलाही 'हिस्लॉपाइट' असे नाव देण्यात आले होते.

दगडाची परीक्षा

आता आपण प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. प्रथम खडक आणि खनिज यांतला फरक ध्यानात घ्या. खनिजाला ठरावीक रासायनिक घटना आणि अणूंची ठरावीक मांडणी असते. खडक म्हणजे बहुधा अनेक खनिजांचे मिश्रण. लाडू हा खडक मानला, तर त्यातला बेदाणा हे खनिज. बेसाल्टमध्ये मुख्यतः फेल्स्पार आणि पायरोक्सीन ही खनिजे असतात. त्यांच्या जोडीला मॅग्नेटाइटचे बारीक कणही असतात. पावसाळ्यानंतर नाल्यातल्या काळ्या वाळूत लोहचुंबक फिरवा, त्याला मिशा फुटतील. हेच ते मॅग्नेटाइट.

*रंग.* हा सर्वांत आधी दिसतो आणि सर्वांत जास्त फसवतो. शुद्ध गारगोटी पांढरी किंवा पारदर्शक असते. अत्यल्प लोहामुळे ती लाल, पिवळी, तपकिरी होते. म्हणून रंग पाहावा, पण त्यावर विसंबू नये.

*कस.* चिनी मातीच्या फरशीची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि तिच्यावर दगड घासा. पुडीची जी रेघ उमटते तिला कस म्हणतात. सराफ सोन्याचा कस पाहतो तसेच हे. दगडाचा रंग बदलला तरी कसाचा रंग सहसा बदलत नाही. लाल गेरू आणि काळे चकाकणारे हेमॅटाइट दिसायला निराळे, पण दोघांचा कस तांबडाच.

*काठिण्य.* फ्रीड्रिख मोस या शास्त्रज्ञाने १८१२ साली दहा खनिजांची उतरंड लावली. १ शंखजिरे, २ जिप्सम, ३ कॅल्साइट, ४ फ्लुओराइट, ५ अॅपेटाइट, ६ ऑर्थोक्लेज फेल्स्पार, ७ क्वार्ट्झ म्हणजे गार, ८ पुष्कराज, ९ कुरुंद आणि १० हिरा. वरच्या क्रमांकाचे खनिज खालच्यावर ओरखडा काढते. आपल्या बोटाचे नख सुमारे अडीच, तांब्याची तार तीन, साधी काच व चाकूचे पाते साडेपाचच्या जवळपास. एवढी चार साधने खिशात असली की निम्मी खनिजे ओळखता येतात. मात्र हे क्रमांक केवळ क्रम दाखवतात. हिरा कुरुंदाच्या मानाने एकच पायरी वर असला तरी प्रत्यक्षात तो कितीतरी पट कठीण असतो.

*पाटन.* काही खनिजे ठरावीक सपाट पृष्ठांवर फुटतात. या गुणाला पाटन म्हणतात. कॅल्साइट फोडले की तिरप्या ठोकळ्यांचे तुकडे पडतात. त्यांचे पुन्हा तुकडे केले तरी आकार तोच. गारगोटीला पाटन नसते. ती जाड काचेसारखी शिंपल्याच्या आकारात फुटते.

*आम्लाची परीक्षा.* कॅल्साइटची पूड करून तीवर लिंबाचा रस किंवा शिरका टाका आणि भिंगातून पाहा. कार्बन डाय-ऑक्साइडचे बारीक बुडबुडे येतात. शेतातल्या चुनखडीचीही हीच परीक्षा. झिओलाइट आणि गारगोटी यांच्यावर फेस येत नाही.

*विशिष्ट गुरुत्व.* शाळेतल्या ताणकाट्याला दगड दोऱ्याने टांगून त्याचे वजन घ्या. मग दगड पूर्ण पाण्यात बुडवून पुन्हा वजन घ्या. हवेतल्या वजनाला वजनात झालेल्या घटीने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. समजा, हवेतले वजन ११० ग्रॅम आणि पाण्यातले ६० ग्रॅम भरले. घट ५० ग्रॅम. ११० भागिले ५० म्हणजे २.२. गारेचे विशिष्ट गुरुत्व २.६५, कॅल्साइटचे २.७१, बेसाल्टचे २.९ च्या आसपास, आणि झिओलाइटचे सामान्यतः २.० ते २.३. मग आपला दगड कोणता असावा? मात्र दगडात पोकळी असेल किंवा त्याला मुरूम चिकटलेला असेल तर आकडा चुकतो, हे विसरू नका.

आता या कसोट्या गोळ्याला लावा. कॅल्साइट असेल तर तांब्याच्या तारेएवढेच मऊ आणि लिंबाच्या रसात फसफसणारे. गारगोटी किंवा अकीक असेल तर काचेवर सहज ओरखडा काढणारे. झिओलाइट या दोहोंच्या मध्ये असते. काठिण्य साधारण साडेतीन ते साडेपाच, आम्लाने न फसफसणारे आणि हाताला हलके. तंतूंचा पंखा दिसत असेल किंवा मोत्यासारखी चमक असलेले पापुद्रे असतील, तर शंका बहुतेक फिटली.

उकळणारा दगड

झिओलाइटची खरी ओळख पटवणारी एक परीक्षा अजून आहे. ती शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावी. झिओलाइटची उन्हात चांगली वाळवलेली पूड कोरड्या परीक्षानळीत घ्या आणि नळी आडवी धरून स्पिरिटच्या दिव्यावर तापवा. थोड्याच वेळात नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमू लागतात. दगडातून पाणी! पारदर्शक गारेची पूड तशीच तापवली तर थेंब जमत नाहीत.

१७५६ साली आक्सेल क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असे एक खनिज तापवले, तेव्हा ते फुगून उकळल्यासारखे दिसले. म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून 'उकळणारा दगड' या अर्थाचे झिओलाइट हे नाव दिले. सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची एक जाळीदार चौकट या खनिजात असते. तिच्यात सूक्ष्म बोगदे असून त्यांत पाण्याचे रेणू व सोडियम, कॅल्शियम यांसारखे आयन राहतात. तापवल्यावर पाणी निघून जाते, परंतु चौकट बहुधा शाबूत राहते. आयनांचीही अदलाबदल होऊ शकते. साबणाला फेस येऊ न देणाऱ्या दुष्फेन पाण्यातले कॅल्शियम झिओलाइट स्वतःकडे घेते आणि त्याबदली सोडियम देते, की पाणी सुफेन होते. आज कारखान्यांत कृत्रिम झिओलाइट बनवतात. धुण्याच्या पावडरीत आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणात ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

सुंदर असून रत्न का नाही?

झिओलाइटचे स्फटिक इतके देखणे, मग त्यांच्या अंगठ्या का करत नाहीत? याचे उत्तर आपल्या पायाखालच्या धुळीत आहे. धुळीत गारेचे सूक्ष्म कण असतात आणि गारेचे काठिण्य ७. रोज धूळ बसते, आपण ती पुसतो, आणि दर वेळी सातापेक्षा मऊ खड्यावर बारीक ओरखडे उठतात. काही महिन्यांत तो निस्तेज होतो. म्हणून अंगठीत टिकणाऱ्या रत्नाला देखणेपणा आणि दुर्मिळता यांबरोबर काठिण्यही हवे. हिरा १०. माणिक आणि नीलम ही दोन्ही कुरुंदाचीच रूपे, म्हणून ९. त्यांचे लाल व निळे रंग हे अत्यल्प मिसळलेल्या इतर धातूंमुळे येतात. पेन्सिलीतले ग्रॅफाइट आणि हिरा हे दोन्ही शुद्ध कार्बन. मांडणी बदलली की एक कागदावर घासला जातो आणि दुसरा काच कापतो.

बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारा पट्टेदार अकीक, तांबूस जास्पर ही सिलिकेचीच रूपे. त्यांचे काठिण्य सातच्या जवळ असल्यामुळे ती छान झिलई घेतात. गारगोटीवर पोलादाचा तुकडा मारला की ठिणगी पडते, तीही याच गुणामुळे. गारगोटी पोलादाचा सूक्ष्म कण खरवडते, तो घर्षणाने तापतो आणि हवेत जळतो. म्हणजे जळते ते लोखंड, दगड नव्हे.

जत्रेत रंगीत काच 'खडा' म्हणून विकली जाते. भिंगातून पाहिले तर काचेत कधी कधी गोल बुडबुडे दिसतात. शिवाय कठीण रत्नाच्या कडा धारदार राहतात, काचेच्या कडा लवकर बोथट होतात. दुसऱ्याच्या अंगठीवर मात्र ओरखड्याची परीक्षा कधी करू नये!

जायफळ आणि विहीर

या अभ्यासाचा उपयोग केवळ दगड ओळखण्यापुरता नाही. आपल्या जिल्ह्यात शेतकरी विहीर खोदतो तेव्हा कर्ज काढून खोदतो. एका शेतात पाणी लागते आणि शंभर पावलांवर दुसऱ्या शेतात विहीर कोरडी जाते. लोक म्हणतात, नशीब. पण खडक काय म्हणतो?

भरीव बेसाल्टमध्ये पाणी मावायला जागाच नसते. असले तर ते फक्त भेगांत. लोटाचा वरचा, बुडबुड्यांचा भाग पाणी धरू शकतो, परंतु केव्हा? बुडबुडे मोकळे असतील, एकमेकांना जोडलेले असतील किंवा खडक कुजून सैल झाला असेल तेव्हा. तेच बुडबुडे झिओलाइट, कॅल्साइट आणि हिरव्या मातीने गच्च भरलेले असतील आणि खडक अजून ताजा व घट्ट असेल, तर पाण्याची जागा दगडाने अडवलेली असते. प्रत्येक दगडी जायफळ म्हणजे पाण्याची एक बुजलेली घागरच. दोन लोटांच्या मध्ये लाल मातीचा पट्टाही कधी लागतो. त्यातली चिकणमाती पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या वरच्या थरात पाणी साचण्याचा संभव असतो. खोदताना कोणत्या खोलीला कोणता थर लागला, बुडबुडे भरलेले की रिकामे, भेगा किती, याची टिपणे ठेवली तर शेजारच्या शेतकऱ्याला ती मोलाची ठरतात.

हे काम शाळेतले विद्यार्थी करू शकतात. गावात नवी विहीर खोदली जात असेल तर वर काढलेल्या दगडमुरमाच्या ढिगाऱ्याकडे जा. विहिरीच्या काठाशी मात्र जाऊ नका. रोज कोणत्या खोलीचा माल वर आला ते खोदणाऱ्यांना विचारा. प्रत्येक थराचा मुठीएवढा नमुना घ्या, कागदात गुंडाळा, त्यावर गाव, तारीख आणि खोली लिहा. शाळेत आणून रंग, कस, काठिण्य, आम्लाची परीक्षा, विशिष्ट गुरुत्व असा तक्ता भरा. दगड फोडताना डोळ्यांना चष्मा लावा आणि दगड फडक्यात गुंडाळून मगच हातोडा मारा. गिरडच्या टेकडीवरचे दगड उचलून आणू नका. ती अनेकांची श्रद्धेची जागा आहे, आणि तसाच खडक जिल्ह्यात इतरत्र नाल्यांत व खाणींत पाहायला मिळतो.

पाच गावांतल्या पाच विहिरींचे असे तक्ते शेजारी शेजारी मांडले की जमिनीखालचे थर कसे पसरले आहेत याचा अंदाज येऊ लागेल. एक शाळा हे काम एका उन्हाळ्यात करू शकते, आणि पुढल्या वर्षी जो शेतकरी विहिरीची जागा ठरवील त्याच्या हाती दुसऱ्याच्या सांगीवांगीऐवजी एक नोंदवही असेल.